माशांना मानवलेलं पाणी

काल सकाळी नळाला वास आला. वरच्या मजल्यावरच्या अंटी नाकाला पदर लावून जिन्यात उभ्या होत्या. "दवाखाने की बू आरी पानी में," त्या आईला म्हणाल्या. आईने घागर तशीच नळाखाली राहू दिली, ओंजळीत थोडं पाणी घेऊन हुंगलं आणि तिचा चेहरा सैल झाला. "आला बाई वास," ती म्हणाली.

आमच्या घरात पाण्याला औषधाचा वास आला की बरं वाटतं आणि नाही आला की धास्ती वाटते. चिक्कडपल्लीच्या या गल्लीत पाणी दिवसाआड, उजाडायच्या सुमाराला येतं. पावसाळा लागला की ते गढूळतं, मग त्यात ब्लीचिंग जास्त पडतं आणि सगळी गल्ली तोंड वाकडं करते. आम्ही सोडून. हे असं कशामुळे झालं ते लिहून बघावं असं कालपासून वाटतंय. मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. लिहायची सवय प्रयोगाच्या वहीपुरती, तिथे साहित्य, कृती, निष्कर्ष अशा जागा आधीच आखलेल्या असतात. इथे काय कुठे लिहायचं ते मला नीटसं ठाऊक नाही. नळ, बादली आणि काचेची टाकी एवढंच डोळ्यांसमोर येतंय, आणि तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आम्ही सगळे एकमेकांकडे ज्या नजरेने बघत होतो ती नजर.

टाकी बाबांनी आणली. बाबा सुलतान बाजारात एका कापडाच्या दुकानात माल सांभाळतात. त्या उन्हाळ्यात मालकांनी दुकान नवं केलं. काचेचं दार आलं, आत गार हवा आली, दारापाशी भिंतीएवढी माशांची टाकी आली. मग जुनी लहान टाकी उरली, ती बाबांनी मागून घेतली. ऑटोत मांडीवर घेऊन आले. पायऱ्या चढताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्यांच्या चेहऱ्यावर फार वेळा बघितलेलं नाही. टाकीत थोडं पाणी होतं आणि त्या पाण्यात काही सोनेरी मासे भेदरून एका कोपऱ्यात जमले होते.

आईने दारातच विचारलं, "हे कामून आणलं?"

"शोभेला," बाबा म्हणाले.

"माणसाला प्यायला पाणी नाही, आणि यांना राहायला?"

बाबांनी टीव्हीशेजारच्या स्टुलावर टाकी ठेवली आणि शर्टाच्या बाहीने काच पुसली.

तेव्हा सगळंच नवीन येत होतं. गच्चीवर केबलवाल्याची छत्री बसली होती. कोपऱ्यावरच्या पानवाल्याने अर्ध्या दुकानात फोन ठेवला होता. एकदा बाबा नामपल्ली स्टेशनवर कोणाला तरी सोडायला गेले आणि परत आल्यावर बराच वेळ हसत होते. "पाणी विकायला ठेवलंय. साधं पाणी, बाटलीत, वर बूच लावून."

"काहीतरी घालत असतील त्यात," आई म्हणाली.

"काही घातलेलं नाही असंच सांगतात म्हणे."

"मग तर नक्कीच घालत असतील."

आईचा संशय असा सगळ्यांवर सारखा असे. दूधवाल्यावर, केबलवाल्यावर, माझ्या कॉलेजावरही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. आजोबांचं शेत बिदरकडे होतं, बाबा शहरात आले तेव्हा त्यांची शाळा मधेच सुटली, आईला अक्षर येत नाही. घरातल्या पहिल्या शिकणाऱ्या माणसावर घर एकाच वेळी फार विश्वास ठेवतं आणि अजिबात ठेवत नाही. सरकारी कागद आला की तो माझ्यापुढे यायचा. मात्र मी काही सांगितलं की आई विचारायची, "हे पुस्तकात हाय का तूच म्हणतीस?"

मासे मरायला लागले. टाकी धुऊन नळाचं ताजं पाणी भरलं त्याच दुपारी एक मासा वर येऊन तोंड उघडायला लागला. कल्ले लाल झाले होते. संध्याकाळी तो आडवा तरंगत होता. दुसरा त्याच्या मागोमाग गेला. तेव्हा सुनंदाअक्का, माझी मोठी बहीण, बाळंतपणाला देगलूरहून माहेरी आलेली होती. पोट चांगलंच दिसायला लागलं होतं. आईने मेलेला मासा तिच्या नजरेला पडायच्या आत कागदात गुंडाळून नेला आणि परत येऊन बाबांना हळू आवाजात सांगितलं, "पोटुशी पोर घरात हाय. घरात जीव जाणं बरं नव्हं. अजून एक गेला तर ही पेटी उचला."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "शैला, तू केमिस्ट्री शिकतीस ना? बघ की पाण्याला काय झालंय."

मला काही येत नव्हतं. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष नुकतंच संपलं होतं. तरी मी हो म्हणाले, कारण मला कोणी असं काही पहिल्यांदाच विचारत होतं.

सुलतान बाजाराच्या एका बोळात माशांचं दुकान आहे, रहीमभाईंचं. रहीमभाईंना प्रत्येक प्रश्नावर एक बाटली विकता येत असे, त्यामुळे त्यांच्याबद्दलही मला शंका होती. "नल का पानी गुस्से में रहता बेटी," ते म्हणाले, "उसकू बैठने देना." मग गुस्सा मोजायला त्यांनी एक लहानशी कुपी दिली आणि गुस्सा उतरवायला हायपोचे खडे दिले. कुपीतले थेंब पाण्यात टाकायचे. पाणी पिवळं झालं तर त्यात क्लोरिन आहे, मासे भाजतात. तसंच पांढरं राहिलं तर मासे सोडायला हरकत नाही. हायपोने क्लोरिन लगेच मरतं, नाहीतर बादली उघडी ठेवायची म्हणजे ते आपोआप उडून जातं.

घरी येऊन मी नळाच्या पाण्यात थेंब टाकले. पाणी हळदीसारखं पिवळं झालं. मला इतका आनंद झाला की मी पेला घेऊन सगळ्यांना दाखवत फिरले. आईने पेल्यात बघितलं आणि कुपीकडे बघितलं. "पिवळं तर त्या औषधानंच झालं असंल."

हायपो टाकायला ती तयारच नव्हती. घरात पोटुशी मुलगी आणि तू पाण्यात खडे टाकणार, असं तिचं म्हणणं. मग मी दुसरी वाट धरली. मोरीजवळ एक निळी बादली भरून उघडी ठेवली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत क्लोरिन जाईल असं धरलं. गेलं नाही. थेंब टाकले, पुन्हा पिवळं. अजून एक दिवस ठेवली, पुन्हा पिवळं. मला आधी रहीमभाईंचा संशय आला, मग कुपीचा, मग माझ्या शिकण्याचा. वर्गात वाचलेलं घरात आलं की खोटं पडतं की काय, असं वाटायला लागलं. अक्का पलंगावरून मजा बघत होती. "शैले, तुझी बादली गुस्सा सोडीना बघ."

एका पहाटे नळ आल्याच्या आवाजाने मी उठले आणि दारातून बघितलं. आई माझी निळी बादली उचलून डब्यातल्या मोगऱ्याला ओतत होती. मग तिने ती मातीने घासली, विसळली आणि नळाखाली लावली. भरल्यावर पुन्हा बरोबर त्याच फरशीवर ठेवली.

हे मला खरं तर आधीच कळायला हवं होतं. आमच्याकडे पाणी शिळं होतं. भात शिळा होतो, पोळी शिळी होते, तसं पाणीही. नळ आला की कालचं सगळं ओतून टाकायचं, भांडी घासायची आणि ताजं भरायचं. टंचाईतसुद्धा. ते ओतलेलं पाणी वाया जात नाही, धुण्याला किंवा झाडांना जातं, पण पिण्याच्या आणि देवाच्या पाण्यात राहत नाही. नळ न आलेल्या दिवशीही आई झाकून ठेवलेल्या हंड्यातलं पाणी त्या बादलीत घालत होती. मी माशांसाठी पाणी मुद्दाम शिळं करत होते आणि ती रोज त्यांच्यावर उपकार करत होती.

"अग, कामून ओतलंस?"

"शिळं झालं होतं ना. मुकी जनावरं असली म्हणून काय त्यांना शिळं पाणी द्यायचं?"

मासे घरातून घालवायला निघालेली बाई त्यांना ताजं पाणी मिळावं म्हणून पहाटे उठून बादली घासत होती. मला हसावं की रडावं कळेना. शेवटी तडजोड झाली. निळी बादली अक्काच्या पलंगाखाली जाईल, तिथे आई हात लावणार नाही आणि देवाच्या बाजूला ती दिसणारही नाही. पाणी शिळं झालं, पांढरं राहिलं, टाकीत गेलं. मासे वर येईनासे झाले. ते वाळूतून काहीतरी वेचून तोंडात घ्यायचे आणि फुंकून टाकायचे. बाबा दुकानातून आल्यावर चप्पल काढायच्या आधी टाकीकडे जायला लागले.

मग पाऊस आला आणि गल्ली खणली गेली. टेलिफोनच्या तारा टाकायच्या होत्या. घराघरात फोन येणार म्हणून लोक खूश होते. चर खणून ठेवले, त्यात पाणी साचलं, त्यावर फळ्या टाकून आम्ही ये-जा करत होतो. अक्काला तर घराबाहेर पडणंच बंद झालं. तिच्यासाठी आई सगळं पिण्याचं पाणी उकळत असे. गॅसचा नंबर लागायचा होता, रॉकेलचा स्टो होता, त्याचा आवाज आणि वास दिवसभर घरात भरलेला असायचा. तरी ती उकळत होती. पाण्यावर तिचा विश्वास नव्हता, म्हणून.

त्याच दिवसांत एका सकाळी मी सवयीने नळाच्या ताज्या पाण्यात थेंब टाकले आणि पाणी पांढरंच राहिलं. पुढच्या खेपेला पुन्हा टाकले, पांढरंच. वासही नाही. आता बादली नको, पलंगाखाली जागा नको, पाणी बसवायला नको. मी टाकीत थेट नळाचं पाणी घातलं आणि मासे मजेत पोहत राहिले. मी आईला पेला दाखवला. "बघ, एकदम स्वच्छ. आता नळाचं पाणी माशांना तसंच चालतं."

तिने पेल्याकडे नीट बघितलंही नाही. टाकीसमोर उकिडवी बसून बराच वेळ मासे बघत राहिली. माझ्या कुपीवर तिचा विश्वास नव्हता, पण मासे तिच्या डोळ्यांसमोर मेले होते आणि डोळ्यांसमोर जगत होते. साक्षीदार म्हणून तिला ते पुरेसे होते.

कॉलेजात आम्हाला केमिस्ट्री शिकवायला एक तेलुगू मॅडम होत्या. कमी बोलायच्या. मी त्यांना फारसं काही सांगायला जात नसे, मला इंग्रजीत अडखळायला व्हायचं. त्या दिवशी मात्र प्रॅक्टिकलनंतर धीर करून सांगितलं की आमच्या नळाच्या पाण्यात क्लोरिन येत नाही, मासे अगदी छान आहेत. मला वाटलं त्या हसतील. त्यांनी हातातली नळी स्टँडला लावली.

"येत नाही, की उरत नाही?" त्यांनी विचारलं.

मला फरक कळला नाही.

"शहराच्या पाण्याच्या टाकीवरून निघताना ते असतंच. तुमच्या घरापर्यंत येताना खर्च झालं. कशावर खर्च झालं ते बघ. घरी पाणी उकळता ना?"

मी हो म्हणाले. बसमध्ये बसले तेव्हा मला खणलेला चर दिसायला लागला. फळीखालचं काळं पाणी, त्यातून आडवा गेलेला गंजका पाइप आणि शेजारचं उघडं गटार. रोज त्यावरून जात होते मी. पाण्याला मी एकच प्रश्न विचारत होते, माशांना चालेल का. त्याचं उत्तर बरोबर होतं. दुसरा प्रश्न विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

घरी आले तेव्हा घर शांत होतं. आधी ते चांगलं वाटलं, मग कळलं की स्टोचा आवाज नाही. पाणी उकळायचं पातेलं घासून फळीवर पालथं घातलेलं होतं. कोरडं.

"आज पाणी नाही उकळलं?"

"कवापासून नाही," आई म्हणाली. ती तांदूळ निवडत होती. "मासे कसे पळतायत बघ. एवढुसा नाजूक जीव, त्याला मानवतं तर माणसाला नाही मानवणार? रॉकेल कशाला जाळायचं?"

मी सांगायला लागले. भराभर, तुटक. क्लोरिन माशांना वाईट पण माणसांना पाहिजे, ते जंतू मारतं, ते नाही म्हणजे काहीतरी घाण पाण्यात मिसळतेय. आईने सूप खाली ठेवलं.

"परवापर्यंत पिवळं पाणी वाईट होतं. आज पांढरं वाईट?"

"माशांना पिवळं वाईट. आपल्याला पांढरं."

"एकाच नळाचं पाणी एकाला अमृत आणि एकाला विष? हे तुझ्या पुस्तकात हाय का तूच म्हणतीस?"

"मॅडम म्हणाल्या."

"त्यांच्या घरी मासे हायेत?"

पलंगावर अक्का हसली. "शैले, तुला नेमकं कोणत्या रंगाचं पाणी पाहिजे ते एकदा ठरव." आणि हसता हसता तिने ओठ दाबले आणि पोटावर हात ठेवला. सकाळपासून दुखत होतं, ती म्हणाली. सातआठदा संडासला जाऊनही आली होती. दिवस भरत आले की असं होतं असं तिला वाटलं, म्हणून बोलली नव्हती.

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. आईने सुपातले तांदूळ तसेच टाकले. अंटी वरून आल्या. ही कळ बाळाची की पाण्याची हे कोणालाच सांगता येईना. फळ्यांवरून अक्काला एकेक पाऊल धरून धरून नेलं आणि गल्लीच्या तोंडाशी ऑटोत बसवलं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोट तपासलं, जीभ बघितली, डोळ्याखालची कातडी ओढून बघितली. बाळाचे ठोके ठीक होते, पण अंगातलं पाणी फार गेलं होतं. अशात वेळेआधीच कळा सुरू होऊ शकतात, त्या म्हणाल्या. सलाईन लावलं. मग त्यांनी विचारलं, "पाणी कोणतं पिता?"

आई हात जोडल्यासारखी उभी होती. "चांगलं पाणी हाय बाई," ती म्हणाली, "आमचे मासे त्याच्यातच राहतात."

डॉक्टरीणबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मी भिंतीकडे बघत राहिले. आई हे अगदी खरेपणाने म्हणाली होती, आपण काळजी घेतली होती हे त्यांना कळावं म्हणून.

अक्का बरी झाली. सलाईन उतरलं, दुखणं थांबलं, कळा आल्या नाहीत. बाबा गल्लीतल्या चारदोन माणसांना घेऊन चरात उतरले, तर पाइपाचा सांधा निखळलेला आणि गटाराचं पाणी त्यावर साचलेलं. नळ बंद असला की ते आत ओढलं जात होतं. समोरच्या दोन घरांतही पोटं बिघडलेली होती, पण एकमेकांना कोणी सांगितलं नव्हतं, प्रत्येकाला आपल्याच घरच्या जेवणाचा संशय होता. पाइप दुरुस्त झाला. बाळ आपल्या वेळेला झालं.

पाइप दुरुस्त व्हायच्या आधी, दवाखान्यातून अक्काला घरी आणलं त्याच दिवशी, मी कॉलेजच्या नळाचं पाणी बाटलीत भरून आणलं होतं. दोन पेले ठेवले, एकात ते, एकात आमचं, आणि दोन्हींत थेंब टाकले. एक पिवळं झालं. आमचं तसंच राहिलं. आईला मी काही समजावलं नाही, मला धीर नव्हता. ती दोन्ही पेले उजेडात धरून उभी राहिली. "दिसायला तर हेच चांगलं दिसतं," आपल्या पाण्याकडे बघून ती म्हणाली. रागाने नाही. एखाद्या ओळखीच्या माणसाबद्दल भलतंच काही ऐकल्यावर म्हणावं तसं.

तेव्हापासून कुपी आईकडे आहे, तिखट-मिठाच्या डब्यांच्या मागे. अक्षर तिला येत नाही, पण रंग येतो. नळ आला की ती घरातल्या कोणाच्याही आधी एका पेल्यात थेंब टाकते आणि पिवळं व्हायची वाट बघते. निळी बादली पलंगाखाली असते, शिळी होत, आणि आता आईच मला दटावते की बादलीला हात लावू नको, अजून बसलं नाही पाणी. अक्काचा मुलगा सुट्टीत आला की टाकीच्या काचेला नाक लावून उभा राहतो. त्याला आमच्या आईने शिकवलंय, हे माशांचं पाणी, ते आपलं पाणी. तो दोन्हींकडे बोट दाखवतो आणि नेहमी चुकतो.

रहीमभाईंचा बोळ आता रुंद झालाय. बाटलीतलं पाणी आमच्या कोपऱ्यावरही मिळतं. पावसाळ्याआधी परवा गल्ली पुन्हा खणली, या वेळी कशासाठी ते अजून कोणी सांगितलेलं नाही. आई दिवसातून एकदा तरी चराच्या काठाशी जाऊन पाइप कुठून जातो ते बघून येते.

काल सकाळी वास आला तेव्हा तिने पेला माझ्या हातात दिला. पाणी चांगलं पिवळं झालं होतं, हळदीसारखं.

"चांगलं आहे," मी म्हणाले. "आज असंच प्यायलं तरी चालेल."

तिने पेला माझ्याकडून घेतला, खिडकीशी नेला, पुन्हा एकदा बघितला. "चांगलं हाय," ती म्हणाली. "तू म्हणतीस म्हणजे चांगलंच असंल." आणि पातेलं भरून तिने गॅस पेटवला.